परिचारिका नेमकी कोणाची?

नर्सिंग कॉलेजात दिवे लावून विद्यार्थिनी, आणि आता विद्यार्थीही, जी शपथ घेतात तिचं मूळ 1893 सालचं आहे. अमेरिकेतल्या डेट्रॉईटमध्ये लिस्ट्रा ग्रेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती रचली आणि तिला नाव दिलं फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं. रुग्णाची गुपितं राखण्याचं, हानिकारक औषध जाणूनबुजून न देण्याचं वचन त्या मूळ शपथेत होतं. डॉक्टरांना निष्ठेनं साथ देण्याचंही होतं. हानी न करण्याचं आणि डॉक्टरांना साथ देण्याचं, ही दोन वचनं एकमेकांवर आदळतील, अशी शंका तेव्हा फारशी कोणाला आली नसावी.

ती आदळली 1929 मध्ये, फिलिपिन्समध्ये. एका मुलीच्या टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी नोव्होकेनऐवजी कोकेन मागितलं. लोरेंझा सोमेरा या परिचारिकेनं विचारून खात्री करून घेतली आणि औषध तयार करून दिलं. मुलगी दगावली. खटल्यात डॉक्टर सुटले, दोषी ठरली सोमेरा. चुकीची आज्ञा तिला ओळखता यायला हवी होती, असं तिला सांगण्यात आलं. जगभरच्या परिचारिकांनी निषेध केला आणि शिक्षा भोगण्याआधीच तिला माफी मिळाली. पण त्या निकालात एक विचित्र सन्मानही दडलेला होता: तिला स्वतःची अक्कल आहे, हे कोर्टानं मान्य केलं होतं. फक्त ती वापरायचा अधिकार तोवर तिला कोणी दिलेला नव्हता.

आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेनं 1953 मध्ये आचारसंहिता केली तेव्हाही हा घोळ सुटला नाही. डॉक्टरांच्या सूचना समजून-उमजून, निष्ठेनं पाळाव्यात आणि अनैतिक कृत्यात सहभागी होऊ नये, या दोन्ही गोष्टी एकाच कलमात बसवल्या गेल्या. प्रत्यक्षात कोणतं पारडं जड होतं, ते 1966 मध्ये प्रसिद्ध झालेल्या हॉफलिंग यांच्या प्रयोगात दिसलं. अनोळखी ‘डॉक्टर’ फोनवरून 20 मिलिग्रॅम औषध द्यायला सांगतो. बाटलीवर कमाल मात्रा लिहिलेली असते 10. फोनवरच्या आदेशावर औषध देऊ नये, असा रुग्णालयाचा नियम. तरीही 22 पैकी 21 परिचारिका औषध द्यायला निघाल्या आणि त्यांना वाटेत थांबवावं लागलं. आपण काय करू, असं वेगळ्या 12 जणींना विचारलं, तर त्यातल्या 10 जणी म्हणाल्या, देणार नाही. त्या खोटं बोलत होत्या असं मला वाटत नाही. कागदावरच्या प्रश्नाला पलीकडून खेकसणारा आवाज नसतो, एवढंच.

1973 च्या सुधारित संहितेनं अखेर स्पष्ट केलं की परिचारिकेची पहिली जबाबदारी रुग्णाशी आहे. पुढे 1979 मध्ये बीचम आणि चिल्ड्रेस यांच्या पुस्तकानं स्वायत्तता, हित, अहित टाळणं आणि न्याय ही चार तत्त्वं रूढ केली. परीक्षेत ती सहज लिहिता येतात. वॉर्डात मात्र मुलगा बजावून जातो, ‘सिस्टर, आईला कॅन्सरचं सांगू नका, खचेल ती.’ रात्री दोन वाजता आईच विचारते, ‘सिस्टर, खरं सांगा, मला काय झालंय?’ निदान सांगणं डॉक्टरांचं काम, आणि खोटं बोललं तर विश्वास गेला. अनुभवी सिस्टर अशा वेळी खुर्ची ओढून बसते, ‘आजी, तुम्हाला काय वाटतंय? किती जाणून घ्यायचंय?’ असं विचारते, ऐकलेलं नोंदवते आणि सकाळच्या राउंडला डॉक्टरांपुढे मांडते. डॉक्टरांनी ऐकलं नाही तर? योग्य काय ते कळतं आणि करता येत नाही, या घुसमटीला अँड्र्यू जेमटन यांनी 1984 मध्ये ‘नैतिक क्लेश’ म्हटलं.

आपल्याकडे या साऱ्याची कसोटी लागली ती मुंबईच्या केईएम रुग्णालयात. तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर 1973 मध्ये पाशवी हल्ला झाला आणि त्या भान हरपून कायमच्या अंथरुणाला खिळल्या. त्यानंतर मे 2015 मध्ये न्यूमोनियानं मृत्यू येईपर्यंत, चार दशकांहून अधिक काळ, परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना भरवलं, न्हाऊ घातलं. लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांच्यासाठी मरणाची मुभा मागितली तेव्हा केईएमच्या परिचारिका ठाम विरोधात उभ्या राहिल्या. या प्रेमापुढे मी नतमस्तक आहे, पण एक प्रश्न अडतोच: अरुणा यांना स्वतःला काय हवं होतं? ते कोणालाच विचारता येत नव्हतं, आणि आपल्या सेवेचा अर्थ त्यांच्या जगण्यात शोधणाऱ्यांना तो प्रश्न सर्वांत जड गेला असणार. मार्च 2011 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं विराणींची याचिका फेटाळली, निष्क्रिय दयामरणाला, म्हणजे उपचार थांबवून मरण येऊ देण्याला, उच्च न्यायालयाच्या परवानगीची अट घालून वाट करून दिली आणि अरुणा यांचे निकटवर्ती म्हणून केईएमच्या कर्मचाऱ्यांना मान्यता दिली. डॉक्टर, सिस्टर, सारेच त्यात आले.

2018 मध्ये घटनापीठानं सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला आणि 2023 मध्ये त्याची किचकट प्रक्रिया सोपी केली. उपचार थांबवायचे का, हे ठरवताना आता दोन वैद्यकीय मंडळं मत देतात: उपचार करणारे डॉक्टर, विषयतज्ज्ञ, मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेले डॉक्टर. तिन्ही पाळ्यांत त्या रुग्णाची कूस बदलणाऱ्या सिस्टरसाठी त्यात जागा ठेवलेली नाही.