आपली उपासना शास्त्राला धरून आहे का?



कळमनुरी परिसरात आपण ख्रिस्ती लोक मूठभर. नात्यागोत्यात कोणी कॅथलिक, कोणी दुसऱ्या पंथाचे. लग्नकार्यात पाहुणे एकत्र बसले की एक प्रश्न हमखास निघतो : "तुमची मिस्सा बायबलमध्ये कुठे आहे?" आपल्यापैकी काही गप्प बसतात, काही रागावतात. प्रश्न मात्र चांगला आहे. त्याचे उत्तर आपल्याला यायला हवे.

येरुशलेमची पहिली मंडळी प्रेषितांच्या शिकवणीत, सहभागितेत, भाकर मोडण्यात आणि प्रार्थनेत टिकून होती (प्रे. कृ. २:४२). अम्माऊसच्या वाटेवर प्रभूने आधी शास्त्र उलगडून सांगितले, मग भाकर मोडली (लूक २४). मिस्सेत आपणही याच क्रमाने जातो : आधी वचन, मग वेदी. सुमारे १५५ साली संत जस्टिन यांनी रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहून ठेवले आहे. वाचन, बोध, प्रार्थना, भाकर व द्राक्षारस, आणि शेवटी अनाथ, विधवा, आजारी, कैदी यांच्यासाठी दान. जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी प्रसादाचा वाटा पोचवला जाई.

आपण तोंडाने म्हणतो ते शब्दही शास्त्रातलेच आहेत. 'पवित्र, पवित्र' हे यशयाच्या दर्शनातले (यश. ६), देवाचा कोकरा हे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या साक्षीतले (योहान १:२९), आणि ख्रिस्तशरीर घेण्याआधीची विनवणी त्या रोमी शताधिपतीची (मत्तय ८:८). दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला आणि मिस्सेला लोकभाषेची वाट मोकळी झाली. १९६९ पासून रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रात आली : एका वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. त्याच दस्तऐवजात सांगितले आहे की गीतांचे शब्द मुख्यतः पवित्र शास्त्रातून घ्यावेत. म्हणून टाळ-मृदंगाला हरकत नाही. चाल आपल्या मातीतली असू द्या, शब्द मात्र शास्त्राला धरून असू द्या.

पाहुण्यांना एवढे उत्तर पुरेल. देवाला पुरेल का?

संत पौल करिंथच्या मंडळीवर रागावला, तो विधी चुकला म्हणून नव्हे. तिथे ज्यांच्याकडे होते ते आधीच खाऊनपिऊन तृप्त होत आणि ज्यांच्याकडे काही नव्हते ते उपाशी राहत. पौल स्पष्ट सांगतो, तुम्ही जे खाता ते प्रभुभोजनच नव्हे (१ करिंथ ११:१७-३४). त्याचा उपाय साधा आहे : एकमेकांसाठी थांबा. आमोस संदेष्ट्यानेही हेच सांगितले. न्याय नसेल तर देवाला आपले सणही नकोत आणि गाणीही नकोत (आमोस ५).

आपल्या जिल्ह्यात नर्सी हे संत नामदेवांचे गाव. औंढ्याला त्यांना देवळामागे जाऊन कीर्तन करायला लावले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही कथा इथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. ज्याला लोकांनी मागे लोटले त्याच्याकडे देव तोंड करतो, हे सत्य इथल्या लोकांच्या ओळखीचे आहे. संत याकोबही श्रीमंताला पुढची जागा आणि गरिबाला पायाशी जागा देणाऱ्यांना दोष देतो (याकोब २).

हे मी स्वतःला आधी सांगतो. हळद काढणीच्या दिवसांत एका रविवारी एक कुटुंब प्रवचन संपता संपता आले. उशिरा येणाऱ्यांविषयी मी वेदीवरून दोन तिखट वाक्ये बोललो. नंतर शांती देताना त्या माउलीचे हात पाहिले. धुऊनही पिवळे होते. ती सकाळची मजुरी करून, मुलांना घेऊन, चालत आली होती. त्या दिवशी माझ्या मिस्सेत एकही शब्द चुकला नव्हता, तरी पौलाने मला करिंथकरांतच बसवले असते. पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली.

तेव्हा या आठवड्यात तीन गोष्टी करू या. शनिवारी रात्री जेवणानंतर रविवारची वाचने घरात मोठ्याने वाचू या. ज्याला वाचता येते त्याने आजीआजोबांसाठी वाचावे. ज्याच्याशी अबोला आहे, त्याच्याशी मिस्सेला येण्याआधी समेट करू या. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाकडे जा, असे प्रभूनेच सांगितले आहे (मत्तय ५:२३-२४). आणि उशिरा येणाऱ्याकडे वळून पाहण्याऐवजी सरकून त्याला जागा देऊ या. जो आलाच नाही, त्याच्या घरी संध्याकाळी एक चक्कर मारू या.

मग कोणी विचारले की तुमची मिस्सा बायबलमध्ये कुठे आहे, तर अध्याय आणि ओवी जरूर सांगा. पण त्याला आपल्यात बसवून घ्या आणि त्याला स्वतःच पाहू द्या.

प्रभू आपणा सर्वांना एका भाकरीत एक करो. आमेन.