झाकले जाणारे काम

बांधकामाच्या धंद्यातील माणसे एकत्र आली, की एकमेकांची प्रकृती नंतर विचारतात, पहिला प्रश्न असतो, "तुझं काम कुठवर आलं?" उत्तरेही ठरलेली असतात. कोणी जोत्यापर्यंत आलेला असतो, कोणाचा दुसरा स्लॅब भरून झालेला असतो, कोणाच्या चौकटी उभ्या राहिल्या असून पल्ले यायचे असतात. वसईच्या पट्ट्यात गेल्या तीस-पस्तीस वर्षांत वाड्या गेल्या आणि इमारती आल्या. या व्यवसायात आमच्या समाजातील तरुणही मोठ्या संख्येने शिरले, त्यामुळे ही भाषा आता धर्मगुरूंच्याही कानांवरून जाते. पूर्वी सिमेंटच्या दुकानाबाहेर चहा घेताना तोंडी सांगितली जाणारी प्रगती आता खिशातील फोनवर छायाचित्रांनी दाखवली जाते, एवढाच काय तो फरक पडला आहे.

या दाखवण्याला कोणी बढाई म्हणेल. आम्ही तसे म्हणणार नाही. हाताने केलेली वस्तू दुसऱ्या जाणकाराच्या नजरेखाली ठेवावी, ही इच्छा निरोगी आहे. घरमालक फरशीचा रंग पाहतो, पल्ल्यावरचे पॉलिश पाहतो. धंद्यातला माणूस मात्र विचारतो, "रिंगांमधलं अंतर किती ठेवलंस? कव्हर ब्लॉक घातलेस का?" सुतार दुसऱ्याच्या दारावर बोट फिरवतो ते नक्षीवर नव्हे, सांध्यावर. जाणकाराची अशी एक नजर पुष्कळशा तपासण्यांपेक्षा अधिक कामाची असते. ज्याला आपले अर्धे काम दाखवण्याची लाज वाटत नाही, त्याच्या पूर्ण कामाविषयी आपल्यालाही थोडा भरवसा वाटू लागतो.

तरीही येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो, आणि तो वाटतो तितका सोपा नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी ॲरिस्टॉटलच्या पावलावर पाऊल ठेवून 'घडवणे' आणि 'वागणे' यांत भेद केला. कारागिराची स्तुती त्याच्या हेतूसाठी होत नाही, त्याने घडवलेल्या वस्तूच्या गुणासाठी होते, असे ते सांगतात. अनुभवही तेच सांगतो. संध्याकाळी पिऊन तर्र होणाऱ्या सुताराचे दार वर्षानुवर्षे अलगद मिटते आणि रोज मिस्साला येणाऱ्याचे दार पहिल्याच पावसात फुगून बसते, कारण त्याने ओला साग वापरलेला असतो. चौकट गुण्यात नसेल तर प्रार्थनेने ती सरळ होत नाही. चांगला कारागीर आणि चांगला माणूस ही दोन निराळी विशेषणे आहेत, हे आपण मोकळेपणाने मान्य करावे.

परंतु कंत्राटदार आपले काम दुसऱ्याला दाखवतो, तेव्हा तो घडवण्याच्या प्रांतातून बाहेर पडतो. दाखवणे ही साक्ष आहे. "हे असे झाले आहे" असे तो न बोलता सांगत असतो, आणि त्या सांगण्यावर विसंबून कोणी पैशाचा पुढचा हप्ता देतो, कोणी कर्ज काढतो, कोणी आपली मुले त्या छपराखाली झोपवतो. येथे हाताच्या कौशल्याला सत्य आणि न्याय यांची मोजपट्टी लागते.

आता सर्व काही दाखवलेच पाहिजे असे बंधन कोणावर घालता येईल? अक्वायनस यांनी विक्रेत्याच्या संदर्भात नेमका हाच प्रश्न घेतला आहे. त्यांचा निवाडा असा, की उघड दिसणारा दोष सांगण्याची सक्ती विक्रेत्यावर नाही. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर घेणाऱ्यालाही डोळे आहेत. मात्र दोष झाकलेला असेल आणि त्यापासून घेणाऱ्याला धोका वा नुकसान पोहोचणार असेल, तर गप्प बसणे हा अपराध ठरतो. झाकलेल्या दोषाची जी उदाहरणे ते देतात, त्यांत मजबूत म्हणून विकलेले मोडकळीचे घर आहे. तेराव्या शतकातील हा संन्यासी जणू आमच्या भागातच फिरून गेला होता!

कारण बांधकाम हा मुळात झाकत जाण्याचा व्यवसाय आहे. पाया मातीने झाकला जातो, सळई काँक्रीटने, काँक्रीट प्लास्टरने, प्लास्टर रंगाने. स्लॅबच्या सळईखाली निदान २० मिलिमीटर काँक्रीटचे आवरण हवे. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत त्याहून बरेच जाड. ते कमी पडले तर सळईला गंज चढतो, ती फुगते आणि छताचे पोपडे सुटू लागतात. हे पहिल्या वर्षी दिसत नाही. दिसते तेव्हा कंत्राटदार दुसऱ्या गावी तिसऱ्या इमारतीची छायाचित्रे दाखवत असतो. पाण्याचेही तेच. साध्या सिमेंटचे काँक्रीट किमान ७ दिवस आणि राख मिसळलेल्या सिमेंटचे किमान १० दिवस ओले ठेवावे, असे भारतीय मानक सांगते. काँक्रीटच्या ताकदीचा हिशेब २८ दिवसांनी मांडतात. स्लॅबवर आळी करून साठवलेले पाणी, खांबांना गुंडाळलेली ओली बारदाने, यांचे छायाचित्र काढावेसे कोणाला वाटत नाही, कारण त्यात 'प्रगती' दिसत नाही. सात दिवस काम जागच्या जागी उभे असते. खरे पाहता त्याच सात दिवसांत इमारत बळकट होत असते.

'कुठवर आलं?' या प्रश्नाचा दोष येथे आहे. तो उंची विचारतो. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाटा येथे बांधकाम चालू असलेली एक बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसे मेली. त्यांत बांधकामावरचे मजूर होते, लहान मुले होती. तिचे मजले अवघ्या काही आठवड्यांत चढले होते. 'कुठवर' या मापाने पाहिले, तर त्या दिवसापर्यंत तिच्याइतकी प्रगती फारच थोड्या इमारतींची झाली असेल.

कायद्याने या बाबतीत थोडे पाऊल उचलले आहे, हे नमूद करणे न्यायाचे होईल. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यान्वये विकासकाला दर तीन महिन्यांनी प्रकल्पाची स्थिती जाहीर करावी लागते, आणि ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत रचनेतील दोष निदर्शनास आणला गेला, तर तो विनामोबदला दुरुस्त करून द्यावा लागतो. महाराष्ट्रात २०१७ पासून त्यासाठी प्राधिकरणही आहे. याचा लाभ अनेक कुटुंबांना झाला. पण छोटे भूखंड, एकेकट्याची घरे, जुन्या घरावर चढवलेला मजला ही कामे बहुधा त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात, आणि आमच्या ओळखीचे बहुतेक कंत्राटदार तीच करतात. तेथे मालक आणि कंत्राटदार यांच्यामध्ये शब्दाखेरीज फारसे काही नसते.

आणखी एक गोष्ट या छायाचित्रांत झाकली जाते, आणि ती काँक्रीटपेक्षाही आम्हाला अधिक बोचते. 'माझा स्लॅब भरून झाला' असे म्हणणारा 'माझा' हा शब्द कोणत्या अर्थाने वापरतो? बायबलमधील नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय आमचे बहुतेक वाचक भरभर उलटून पुढे जातात, कारण त्यात नावांखेरीज काही नाही. यरुशलेमचा कोट पुन्हा उभारताना कोणता भाग कोणी बांधला, त्याच्या शेजारी कोण होता, कोणी दार बसवले, कोणी अडसर घातले, याची ती यादी आहे. कामाच्या प्रगतीचा अहवालच म्हणा ना! कोट ५२ दिवसांत पुरा झाला. त्या यादीत मुख्य याजक आहे, सोनार आहेत, अत्तरवाला आहे, शल्लूमच्या मुलीही आहेत. तकोवाच्या सरदारांनी कामाला खांदा दिला नाही, हेही लिहिणाऱ्याने लिहून ठेवले. अहवाल असावा तर असा. त्यात उंचीचे एकही माप नाही. हात कोणाचे लागले, हे मात्र आहे.

आमच्याकडच्या कामांवर हात कोणाचे लागतात? सेंटरिंगवाले, सळई बांधणारे, घमेली वाहणाऱ्या बाया, दूरच्या जिल्ह्यांतून आणि परराज्यांतून आलेली कुटुंबे. छायाचित्रात ही माणसे चुकून आली तर पाठमोरी येतात. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने त्यांच्यासाठी कल्याणकारी मंडळाची तरतूद केली. तेथे नोंदणी झाली, तर मुलांच्या शिक्षणाला, आजारपणाला, बाळंतपणाला साहाय्य मिळू शकते. अट अशी, की मागील १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेले असावे, आणि तसा दाखला हवा. कामावर ठेवणाऱ्या कंत्राटदाराने तो द्यावा, हा सरळ मार्ग आहे.

धर्मग्रामाच्या कार्यालयात असे कोरे अर्ज घेऊन येणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. ज्याच्याकडे त्यांनी अख्खा उन्हाळा काढला, तो कंत्राटदार सही करताना कचरतो. सही केली तर उद्या कोणी हजेरीपट विचारेल, कोणी किमान वेतनाचा हिशेब मागेल, अशी त्याला धास्ती असते. 'फादर, तुम्हीच लिहून द्या ना', असे ते आम्हाला म्हणतात. आम्ही लिहिले तर ते काय कामाचे? आम्ही त्यांना सळई बांधताना पाहिलेले नाही. ज्याने पाहिले, ज्याच्या फोनमध्ये त्या स्लॅबची चाळीस छायाचित्रे आहेत, त्यानेच साक्ष द्यायची आहे. म्हणून हल्ली एखादा ओळखीचा कंत्राटदार उत्साहाने फोन पुढे करतो, तेव्हा आम्ही स्लॅब पाहतो, मनापासून कौतुक करतो, आणि मग विचारतो, "किती जणांचे दाखले भरलेस?"