आधी घर, की आधी सुधारणा?

ज्याच्यापाशी स्वतःचे म्हणावे असे काहीही उरलेले नाही, अशा माणसाला घर द्यावयाचे ते केव्हा? तो सुधारल्यावर, की सुधारण्यापूर्वी? प्रश्न साधा दिसतो. पण दया आणि न्याय या दोन सद्गुणांची जशी ओढाताण येथे होते तशी क्वचितच अन्यत्र होत असेल.

परोपकाराची जुनी रीत पायऱ्यांची आहे. बेघर माणसाने प्रथम रात्रनिवाऱ्यात यावे, दारू सोडावी, औषधोपचार घ्यावेत, नियम पाळावेत आणि एकेक पायरी चढत शेवटी घराच्या उंबरठ्याशी पोचावे. मध्येच पाय घसरला तर पुन्हा तळाशी. युरोप-अमेरिकेतील सेवाभावी संस्थांनी ही पद्धत दीर्घकाळ चालविली. तिच्यामागचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणणार नाही. घराच्या आशेने माणूस धडपडेल, अशी तिची श्रद्धा होती. ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ हे शब्द मुंबईतील झोपडपट्टी पुनर्वसनाच्या याद्यांमुळे आपल्याही परिचयाचे आहेत. येथील कसोटी वास्तव्याच्या पुराव्याची, तिकडची वर्तनाची. पण आधी कसोटी आणि मग घर, हा क्रम दोहींकडे तोच.

हा क्रम उलटा करून पाहण्याचे धाडस फिनलंड या छोट्या देशाने केले. तेथे १९८५ साली ‘वाय फाउंडेशन’ ही गृहसंस्था स्थापन झाली. मोठ्या शहरांच्या नगरपालिका, लुथरन चर्च, रेड क्रॉस अशांनी मिळून ती उभारली. सर्वसाधारण इमारतींतून सुटे सुटे फ्लॅट विकत घ्यावयाचे आणि बेघरांना ते भाड्याने द्यावयाचे, हे तिचे काम. त्या दशकात देशात सुमारे १८,००० बेघर होते. पुढे ही संख्या घटत गेली. परंतु व्यसनाने वा मनोविकाराने ग्रासलेले, अनेक वर्षे निवाऱ्यांतून आणि रस्त्यांवरून फिरणारे लोक होते तेथेच राहिले. पायऱ्या त्यांना चढवत नव्हत्या. तेव्हा २००७ साली चौघा जाणत्या व्यक्तींचा गट नेमण्यात आला. त्यात एक बिशप होते, एक डॉक्टर होते. त्यांच्या अहवालाचे शीर्षक होते ‘दारावर नाव’. २००८ पासून तेच शासनाचे धोरण झाले: आधी घर, बाकीचे नंतर.

हेलसिंकीत मुक्तिफौजेचा २५० खाटांचा जुना निवारा होता. त्याचे रूपांतर ८१ स्वतंत्र घरांत करण्यात आले. या घरांत राहणाऱ्याशी रीतसर भाडेकरार होतो, किल्ली त्याच्या हाती येते आणि भाडेही तोच भरतो. गरज असेल तेथे सरकारी भत्त्यातून. उपचार देऊ केले जातात, लादले जात नाहीत. अशा इमारतींत मदतीला कार्यकर्ते असतात. अशी इमारत होणार म्हटल्यावर शेजारी घाबरतात, विरोध करतात. मग कार्यकर्ते त्यांच्याशी बैठका घेतात, रहिवासी आसपासचे रस्ते झाडतात, आणि हळूहळू ओळख होते. विटा रचण्याइतकेच हे कामही गृहसंस्थेचेच मानले गेले.

येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. जो कष्टकरी निर्व्यसनी राहून, पैसा पैसा जोडून घराच्या रांगेत उभा आहे, त्याच्यावर हा अन्याय नव्हे काय? द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दाखल्यात पहाटेपासून राबलेल्यांनी केलेली तक्रार हीच होती. आम्हांस वाटते, तिचे उत्तर रांगेतल्या मागच्या माणसाला हाकलण्यात नाही, रांग लहान करण्यात आहे. फिनलंडमध्ये हे जमले, कारण तेथे सामान्य मिळकतीच्या लोकांसाठीही परवडणारी भाड्याची घरे बांधली गेली. जेथे घरेच नाहीत तेथे हे तत्त्व एका गरिबाला दुसऱ्याशी झुंजवील.

शिवाय घर हे बक्षीस मानण्यातच एक चूक आहे. पश्चात्ताप करावयालाही जागा लागते. ज्याची झोप दर रात्री मोडते, ज्याच्या औषधांना ठेवायला फळी नाही, त्याच्याकडून संयमाची अपेक्षा करणे म्हणजे बुडत्याला ‘आधी पोहून दाखव, मग दोर टाकू’ असे सांगणे होय. आपण स्वतः आपली व्यसने, आपले राग, आपले आजार चार भिंतींच्या आड सोसतो आणि सावरतो. त्याचे श्रेय आपल्या चारित्र्याला देतो, भिंतींना देत नाही.

तथापि घर मिळाले म्हणजे एकटेपणा संपला असे नाही. बंद दारामागे माणूस अधिक एकाकीही होऊ शकतो. म्हणूनच सोबतीचे काम किल्ली दिल्यावर सुरू होते. दयेलाही दरवर्षी अंदाजपत्रकातून जावे लागते. २०२३ साली फिनलंडमधील बेघरांची संख्या सुमारे ३,४०० वर आली होती. २०२४ साली, दशकाहून अधिक काळानंतर प्रथमच, ती पुन्हा वाढून सुमारे ३,८०० झाली. सरकारी भत्त्यांतील कपातीकडे तेथील जाणकारांनी बोट दाखविले.

तेव्हा हा प्रश्न एकदा सोडविला आणि सुटला असा नाही. बेघराची पात्रता तपासण्यापूर्वी समाजाने स्वतःला विचारावे: आपण पुरेशी घरे बांधली काय, आणि बांधलेल्या घरांच्या दारांवर कोणाची नावे लावावयाला आपण तयार आहोत?