चढावरच्या गप्पा : रिकाम्या बोलण्याचा नैतिक विचार

मराठीत ‘गप्पा’ आणि ‘गप्प’ हे दोन शब्द उच्चाराने एकमेकांना खेटून आणि अर्थाने एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. व्युत्पत्तीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी हा शेजार लक्षात घेण्याजोगा आहे. गप्पा मारल्या जातात, हाणल्या जातात, छाटल्या जातात, ठोकल्या जातात. या क्रियापदांवरून पाहिले तर बोलणाऱ्याच्या हाती एखादे हत्यार असावे आणि वेळ हा त्याचा बळी असावा असे वाटते. पण ‘शिळोप्याच्या गप्पा’ म्हटले की तोच व्यवहार निरुपद्रवी, किंबहुना हक्काचा ठरतो. कामे उरकलेली आहेत, आणि उरलेला वेळ कोणाचे देणे लागत नाही. एकाच क्रियेविषयीच्या या दोन दृष्टींमधील ताण नैतिक स्वरूपाचा आहे. साहित्यविचाराने मात्र त्याची दखल क्वचितच घेतली. काव्य, कथन, युक्तिवाद, उपदेश या उक्तिप्रकारांची सविस्तर मीमांसा झाली. ज्या बोलण्यात माणसांचे बरेचसे आयुष्य जाते, ते प्रास्ताविक समजून ओलांडले गेले.

विचाराला पाय ठेवायला जागा असावी म्हणून एक साधे दृश्य घेऊ. ते कल्पित आहे, परंतु पावसाळा संपल्यावर कोणत्याही शुक्रवारी पाहावयास मिळेल असे आहे. वाईहून पाचगणीकडे पसरणीचा घाट चढतो, अंतर सुमारे बारा किलोमीटर. तेथून महाबळेश्वर आणखी एकोणीस किलोमीटरच्या आसपास, आणि समुद्रसपाटीपासूनची उंची शेवटी १३७० मीटरच्या घरात जाते. शनिवार-रविवारची मोटारींची रीघ टाळण्यासाठी रजा टाकून निघालेले पाच-सहा सायकलस्वार हा घाट चढत आहेत. एक बँकेतला, एक शाळामास्तर, दोघे संगणकाच्या व्यवसायातले आणि एक निवृत्त गृहस्थ, ज्यांना सगळे ‘काका’ म्हणतात. बोलणे चालले आहे ते ऑडिटचे, साहेबांच्या बदलीचे, न आलेल्या गॅस सिलिंडरचे, तीनदा ‘येतो’ म्हणून न आलेल्या प्लंबरचे, माळ्यावरची अडगळ रविवारी काढायची की पुढच्या रविवारी याचे, आणि शनिवारी कोणाच्या तरी मेव्हणीच्या साखरपुड्याला जावेच लागेल याचे. कोणी काही सिद्ध करीत नाही. प्लंबर का आला नाही हे कळून कोणाच्या ज्ञानात भर पडणार नाही.

अशा बोलण्यावरचा सर्वांत जुना आणि सर्वांत नेमका आक्षेप पाली वाङ्मयात सापडतो. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात भिक्षूने टाळावयाच्या बोलण्याची एक लांबलचक यादी आहे. तिला ‘तिरच्छानकथा’ असे नाव आहे. राजे, चोर, अमात्य आणि सैन्य यांच्या गोष्टींबरोबर अन्न, पान, वस्त्र, शय्या, नातलग, गावे, नगरे, रस्त्यावरची चर्चा आणि पाणवठ्यावरची चर्चा हीही त्या यादीत आहेत. तीत ‘यानकथा’ म्हणजे वाहनांविषयीचे बोलणेही आहे, आणि सायकलस्वारांना हे कळले तर गंमत वाटेल. ‘तिरच्छान’ म्हणजे आडवे जाणारे. पशूंनाही हाच शब्द लागतो, कारण त्यांची देहयष्टी आडवी. अट्ठकथाकार सांगतात की हे बोलणे स्वर्ग आणि मोक्ष यांच्या मार्गाला आडवे असते. वर नेत नाही, म्हणून ते आडवे. चढाच्या रस्त्यावर वरवर सरकणारी माणसे आडवे बोलत आहेत, हा विरोधाभास केवळ शाब्दिक नाही. त्याच्याकडे पुन्हा यावे लागेल.

आक्षेपाची मर्यादा आधी नोंदवलेली बरी. ती यादी भिक्षूसाठी आहे. ज्याने घर सोडले त्याने घराच्या गोष्टी बोलणे ही विसंगती आहे. ज्याला संध्याकाळी घरी जाऊन सिलिंडरचा नंबर पुन्हा लावायचा आहे, त्याच्या बोलण्यात अशी विसंगती नाही. अर्थात ‘सम्फप्पलाप’ म्हणजे निरर्थक प्रलाप हे दहा अकुशल कर्मपथांपैकी एक आहे आणि त्यातून गृहस्थाचीही सुटका नाही. सज्जनगडाच्या जिल्ह्यात हे वेगळे सांगावे लागू नये, कारण दासबोधातील मूर्खलक्षणांतही वाणीच्या दोषांना मोठी जागा आहे आणि आत्मस्तुती त्यांत अगदी आरंभीच येते. वेळ आणि वाणी या दोन्ही ठेवी आहेत, त्या उधळू नयेत, हा आपल्या परंपरेचा स्थायी सूर म्हणता येईल.

विसाव्या शतकात हाच प्रश्न दोन विरुद्ध दिशांनी हाताळला गेला. १९२७ च्या ‘बीइंग अँड टाइम’मध्ये हायडेगरने ‘गेरेडे’ची चर्चा केली. बोललेले पुढे सरकत राहते, परंतु ज्याविषयी बोलले त्या वस्तूशी बोलणाऱ्याचा मूळ संबंध राहत नाही. हा शब्द निंदाव्यंजक समजू नये असे त्याने बजावले असले, तरी त्या पानांतला तुच्छतेचा स्वर झाकत नाही. उलट मॅलिनोव्स्कीने १९२३ मध्ये, ऑग्डेन आणि रिचर्ड्‌स यांच्या ‘द मीनिंग ऑफ मीनिंग’ला जोडलेल्या निबंधात, अशा बोलण्याचे समर्थन केले. शब्दांनी विचार पोचवायचा नसून माणसे एकमेकांशी बांधली जायची असतात, असे त्याचे म्हणणे. पुढे याकोबसनने १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रसिद्ध निबंधात भाषेच्या सहा कार्यांपैकी एक म्हणून त्याला संपर्ककार्याचे स्थान दिले, आणि तेव्हापासून समीक्षेच्या परिभाषेत ‘फॅटिक’ हा शब्द एका सोयीस्कर कप्प्यासारखा वापरला जातो. संवादात काही घडत नसेल तर तो त्या कप्प्यात टाकावा आणि पुढे जावे.

वस्तुतः समर्थक आणि निंदक यांचे एका मुद्द्यावर एकमत आहे. आशय शून्य, यावर दोघांचाही शिक्का आहे. एकाला त्या शून्याचे दुःख, दुसऱ्याला त्याची सोय. पसरणीच्या घाटातील प्लंबर या शून्यात बसत नाही.

व्यायामशास्त्रात ‘टॉक टेस्ट’ नावाची एक साधी कसोटी वापरतात. श्रम करताना माणसाला अख्खे वाक्य बोलता येते तोवर श्रम मध्यम समजावेत. वाक्य तुटून दोन-तीन शब्दांवर आले की ते तीव्र झाले. घाटात ही कसोटी कोणी मुद्दाम लावीत नाही, ती आपोआप लागत असते. काकांचे वाक्य तुटू लागले की पुढच्याला ते ऐकू येते. ‘काका दमले, हळू चला’ असे म्हणणे सोपे आहे, आणि ते अपमानकारकही आहे. म्हणून पुढचा मागे वळून न पाहता प्लंबरची गोष्ट लांबवू लागतो. पहिल्यांदा तो का आला नाही, दुसऱ्यांदा आला तेव्हा पान्हा कसा विसरला, मग घरात बादल्या कशा मांडून ठेवल्या. गोष्ट लांबते तशी सायकल मंदावते, कारण सांगणाऱ्यालाही श्वास लागतो. काकांना फक्त ‘हं’ म्हणावे लागते. तो ‘हं’ दोन कामे करतो. गोष्ट चालू ठेवतो, आणि मागे अजून श्वास आहे याची खबर पुढे पोचवतो.

येथे गोष्टीचे क्षुल्लकपण दोष ठरत नाही, ती तिची आवश्यक अट आहे. ती महत्त्वाची असती तर ऐकणाऱ्याला मत द्यावे लागले असते, विचार करावा लागला असता, आणि ते श्वासाला परवडले नसते. परंतु ती रिकामी असूनही चालले नसते. हवामानावरचे एखादे वाक्य दहा वळणे पुरत नाही. न आलेला प्लंबर पुरतो, कारण प्रत्येकाच्या घरी त्याची एक आवृत्ती आहे, आणि धाप ओसरल्यावर काकांनाही आपली सांगता येईल. संपर्ककार्याच्या सिद्धान्ताला नेमके हे दिसत नाही. विषय कोणता निवडला यावर, समोरच्याला परत बोलायला जागा राहते की नाही हे अवलंबून असते. या बोलण्याची नीती सत्यात किंवा उपयुक्ततेत शोधू नये. सर्वांत मंद माणूस उत्तर देऊ शकेल अशा गतीने बोलणे चालते का, ही तिची कसोटी. त्या अर्थाने आडवी कथा चढाला आडवी येत नाही. रस्त्याच्या रुंदीत ती माणसांना बरोबर ठेवते.

मराठी ललित गद्याकडे या कसोटीने पाहिले की एक जुनी अस्वस्थता उलगडते. फडक्यांनी आपल्या लघुनिबंधांना ‘गुजगोष्टी’ म्हटले. नाव गप्पांचे, पण बोलणारा एकच, आणि वाचकाने सतत ‘हं’ म्हणावे अशी अपेक्षा. हा ‘हं’ लेखकाच्या कानी पोचत नाही. वाचक दमला आहे, की केव्हाच घाट उतरून गेला आहे, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही, म्हणून निबंधातली जवळीक पुष्कळदा सजवलेली वाटते. उलट १९६३ च्या ‘कोसला’तील वसतिगृहाच्या गप्पा वरकरणी अधिक पोकळ आहेत. परंतु तेथे कोण कोणाला थांबून ऐकतो आणि कोण मध्येच गप्प होतो याला अर्थ आहे, आणि कादंबरी तो जपते.

तथापि प्रश्न येथे मिटवणे अप्रामाणिकपणाचे होईल. सर्वांत मंद माणूस म्हणजे टोळक्यातला सर्वांत मंद, असे गृहीत धरले गेले आहे. टोळक्याबाहेरच्यांचे काय?

शुक्रवारचाच विचार करावा. मराठी घराला शुक्रवार ओळखीचा होता तो श्रावणातल्या जिवतीमुळे. आठवड्याच्या कामाचा शेवट म्हणून शुक्रवार हा अगदी अलीकडचा आहे. मुळात रविवारसुद्धा कोणी आपण होऊन दिला नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी काही वर्षे लढा दिला, तेव्हा कोठे १८९० मध्ये रविवारची सुटी मान्य झाली. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांत पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून आला. सतीश आळेकरांच्या एका नाटकाचे नावच ‘शनिवार-रविवार’ आहे. हे दोन दिवस जोडशब्दासारखे उच्चारणारा वर्ग कोणता, हे त्या नावावरून ओळखता येते. ‘मोकळा वेळ’ हा कामाच्या वेळेचीच सावली असतो, असे अडोर्नोने १९६९ च्या एका व्याख्यानात दाखवले होते. शुक्रवारच्या गप्पांत ऑडिट आणि साखरपुडा एका श्वासात येतात, याचे कारण तेच असावे.

आणि ‘घरची कामे’? पुरुषांच्या टोळक्यात हा विषय निघतो तेव्हा त्याला तक्रारीचे किंवा दातृत्वाचे व्याकरण असते. ‘रविवारी माळा काढायचाय’, ‘हिला जरा मदत केली’. रोजच्या डब्याचा उल्लेख होत नाही, कारण तो कोणत्याही वारी संपत नाही. जिच्या कामाला शुक्रवार नाही ती या बोलण्यात फक्त सर्वनाम म्हणून येते. बायकांचे गप्पांचे स्थान वेगळे होते आणि त्याचा शिळोप्याशी संबंध नव्हता. पहाटे जात्यावर दोघी समोरासमोर बसून दळीत, आणि सासर, माहेर, भाऊ, दुष्काळ, सगळे ओवीत येई. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वँ यांनी अशा ओव्यांचा फार मोठा संग्रह केला. तेथे बोलणे कामानंतर येत नाही. दगडाची फेरी आणि ओळीची फेरी एकच, आणि एकीचा हात भरून आला तर दुसरीचा जोर वाढतो. घाटातल्या सायकलस्वारांनी नकळत गाठलेली रीत ती हीच आहे. फरक एवढाच की जात्यावरून उठून जाण्याची मोकळीक कोणालाही नव्हती.

महाबळेश्वरात हा फरक अधिकच टोचतो, कारण ते गावच दुसऱ्याच्या विश्रांतीसाठी वसवले गेले. साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज आणि सर जॉन माल्कम यांच्या काळात, १८२९ च्या सुमारास, कंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना हवापालट करता यावा म्हणून माल्कम पेठ उभी राहिली. त्या काळात तेथे चिनी कैदीही ठेवले होते. गावाला लागणारी भाजी आणि बटाटे ते पिकवीत आणि वेताच्या वस्तू विणीत. आज हा बंदोबस्त नाही. पण शुक्रवारी दुपारनंतर खालून मोटारी येऊ लागल्या की वेण्णा तलावाकाठचे घोडेवाले, स्ट्रॉबेरी विकणारे, लॉजमधली पोरे आणि मक्याची कणसे भाजणाऱ्या बायका यांचा आठवडा सुरू होतो. पाहुण्यांचा ‘शेवट’ हा त्यांचा आरंभ. वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या गावाला सुटी वारांनी मिळत नाही, ऋतूने मिळते, आणि ती सुटी कमाई नसलेली असते.

झिमेलने १९१० मध्ये निखळ सहवासाचे वर्णन करताना एक अट घातली होती. संपत्ती, हुद्दा आणि खाजगी दुःखे दाराबाहेर ठेवावीत, म्हणजे आतले सारे समान असल्याचा खेळ खेळता येतो. असा खेळ एकाच थरातल्या माणसांत जमतो, हेही त्याला ठाऊक होते. सायकलस्वारांच्या गप्पांत हुद्दा आणि कामे दाराबाहेर राहत नाहीत, ती बोलण्याचा कच्चा मालच आहेत. म्हणून या गप्पांना झिमेलच्या दिवाणखान्यापेक्षा अधिक शक्यता आहे, आणि दोषी ठरण्याचीही अधिक भीती आहे. तलावाकाठी चहा पिताना ‘उद्या काय, परवा काय’ हे बोलणे चहा देणाऱ्या बाईच्या डोक्यावरून चालते. तिच्या उद्याविषयी कोणी विचारीत नाही, आणि विचारले तर ते औपचारिक वाटेल अशीही धास्ती असते. म्हणजे येथे सगळ्यांनाच श्वास आहे, पण एकीला ‘हं’ म्हणण्याची जागा नाही.

ती जागा विषयातूनच निघू शकते. रिकामे ग्लास गोळा करताना बाई काकांना विचारते, “खाली कवा निघताय?” काका म्हणतात, “अजून तासाभराने. का हो ताई?” “न्हाय, दुपारी दोननंतर वेण्णा लेकापासनं गाड्या उभ्याच ऱ्हात्यात. सायकलीला कडंनं बी जागा न्हाय. आमचा पाण्याचा टँकर अडकतोय रोज, आज तर नळवाला बी यायचाय.” “तुमच्याकडेपण नळवाला?” प्लंबरची गोष्ट सांगणारा वळून विचारतो. “चार दिस झालं, येतो म्हनतोय,” ती म्हणते आणि उरलेला ग्लास उचलायचा सोडून तिथेच बाकाला टेकून उभी राहते.