केक बसू द्या

उद्या संध्याकाळी सहाला वाढदिवस आहे आणि तुम्ही आज रात्री नऊलाच ओट्याशी उभे आहात. हे फार बरं झालं. केकच्या बाजू सरळ यायच्या तर मध्ये एक रात्र लागते, आणि ती बाजारात मिळत नाही.

खुर्ची ओढा, बसा. सात इंची डब्यातले दोन स्पंज जाळीवर ठेवलेत, त्यांच्यावर तळहात टेकवा. वरून गार लागले तर उलटे करून तळालाही हात लावा. ऊब तिथे बराच वेळ टिकते. जरा जरी कोमट वाटले तरी अजून सुरीला हात लावायचा नाही. पंखा चालू आहे, खिडकीतून कुणाच्या तरी टीव्हीचा आवाज येतोय. येऊ दे.

आता डोळे मिटा आणि पूर्ण झालेला केक समोर आणा. क्रीमची उभी, गुळगुळीत भिंत दिसेल. तिच्याकडे बघून झालं की ते क्रीम मनातल्या मनात खरवडून काढा. आत काय आहे? स्पंज, आंबा, स्पंज, आंबा, स्पंज, आंबा, स्पंज. चार थर स्पंजाचे, तीन सारणाचे. आपण सगळे त्या बाहेरच्या भिंतीशी झटतो. माझं मत विचाराल तर भिंत बिघडवतात ते आतले हे तीन थर.

माझ्या पहिल्या आंब्याच्या केकला पोट सुटलं होतं. रात्री सरळ उभा केलेला केक सकाळी मडक्यासारखा झालेला. मी दोष क्रीमला दिला, मे महिन्याला दिला, फ्रिजला दिला. मग दातेरी स्क्रेपर आणला, म्हणजे आडव्या रेघा उठतील आणि पोट झाकलं जाईल. आडव्या रेघांनी ते दुप्पट दिसायला लागलं.

जरा थांबून त्या केकच्या आत शिरा. वरच्या थरांचं वजन हळूहळू खाली उतरतंय. मधलं सारण मऊ आहे, ते दबतंय, आणि दबलं की सरकायला त्याला एकच वाट मोकळी आहे, कडेची. त्यात मी ताज्या हापूसच्या फोडी साखर भुरभुरवून भरल्या होत्या. साखरेने फोडींना पाणी सुटलं. खालचा थर आतल्या आत घसरत होता आणि मी बाहेरून रंगसफेदी करत होते.

म्हणून आधी रस आटवायचा. मंद आचेवर, पळी तळाशी फिरवत. घाई केली तर खाली लागतो आणि रंग काळवंडतो. पळी फिरवल्यावर मागे भांड्याचा तळ क्षणभर उघडा राहिला की गॅस बंद. ताटात पसरून पूर्ण गार करा.

स्पंज गार आहेत ना? वरचा फुगवटा दातेरी सुरीने सपाट करा. मग सुरी आडवी, एका उंचीवर धरून केक हळूहळू फिरवत कडेकडेने खाच पाडा, आणि त्या खाचेतूनच आत जात मधोमध दोन भाग करा. पहिला थर ताटलीवर ठेवा. पाइपिंग बॅगमध्ये जरा घट्ट बटरक्रीम भरा आणि कडेपासून किंचित आत, गोल, एक जाड वळी फिरवा. हा बांध. शेताला घालतात तसाच, आणि नियमही तोच: आतलं बांधाच्या वर जाता कामा नये. आटवलेला रस बांधापेक्षा थोडा कमीच भरा. मन म्हणेल, अजून एक चमचा. मन दरवेळी म्हणतं. तोच चमचा सकाळी बाजूने बाहेर डोकावतो.

गोव्याच्या बेबिंकेला ही भानगड नाही. तिथे एक थर वरून आच देऊन भाजला की दुसरा त्याच्यावरच ओततात. मध्ये सारण नाही, त्यामुळे घसरणार काय? कापल्यावर दिसणाऱ्या पट्ट्या हीच तिची शोभा. तिला कुणी क्रीमचे कपडे चढवत नाही. कधीकधी मला तिचा हेवा वाटतो.

चारही थर रचून झाले की वर तळहात ठेवा. दाबायचं नाही, फक्त वजन द्यायचं. खाली थर एकमेकांवर टेकताना, मधली हवा निसटताना हाताला कळेल. क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळा, वर स्टीलची एक हलकी ताटली ठेवा आणि फ्रिजमध्ये सरकवा. नवं घर पहिल्या पावसात थोडं बसतं म्हणतात, तसा केकही बसतो. बसायचाच असेल तर क्रीम लावण्याआधी बसू दे. आजचं काम संपलं. दिवा मालवा.

सकाळ.

लोण्याला माणसासारखाच मे सोसत नाही. बटरक्रीम वीस ते बावीस अंशांना सरळ पसरतं. बत्तीसच्या पुढे लोणी वितळायला लागतं, आणि तळहाताची ऊबही जवळपास तेवढीच असते. तेव्हा हात गार पाण्याखाली धरा, कोरडे पुसा. घरात एसी एकाच खोलीत असेल तर टर्नटेबल उचलून तिथे जा. मी झोपलेल्या मुलाच्या उशाशी बसून केक केलेत.

रात्रीत कडेने जे काही बाहेर आलं असेल ते सुरीने काढून टाका. मग पहिला हात, क्रम्ब कोट. वाटीभर क्रीम वेगळं काढून घ्या, म्हणजे चुरा मोठ्या भांड्यात जाणार नाही. पातळ, इतका पातळ की खालचा स्पंज दिसावा. हा कुरूप दिसतो, दिसू द्या. चुरा जागच्या जागी धरणं एवढंच त्याचं काम. वीस-तीस मिनिटं फ्रिजमध्ये. बोट लावलं आणि चिकटलं नाही की तयार.

तोवर मोठ्या भांड्यातलं क्रीम हाताने ढवळा. उलथण्याने, भांड्याच्या कडेवर दाबत, सावकाश. बीटरने भरलेले बुडबुडे असे फुटतात. न फुटलेला प्रत्येक बुडबुडा बाजूवर भोक होऊन येतो. श्वास लांब सोडा आणि त्या लयीत ढवळत राहा, पाच मिनिटं.

आता दुसरा थर, लागेल त्याहून जास्त जाड. गिलावा करणारा मिस्त्री आठवा. तो भिंतीवर माल आधी भरपूर मारतो आणि मग पट्टीने ओढून काढतो. गुळगुळीतपणा काढून घेण्यातून येतो. स्क्रेपरचा पाय टर्नटेबलवर टेकवा. तो काटकोनात उभा आहे का, हे मुलाच्या कंपासपेटीतला गुण्या लावून तपासा. हसू नका, माझ्या केकची भिंत वर्षभर आत झुकत होती ती या एका गोष्टीमुळे. पात्याची धार केकला काटकोनात भिडवू नका, साधारण पंचेचाळीस अंशांत कलती ठेवा.

उजवा हात आता कुठेही जाणार नाही. कोपर पोटाशी, मनगट निश्चल. फिरेल ते टर्नटेबल, डाव्या हाताने, एका लांब संथ फेरीत. मध्ये थांबलात की तिथे उभी रेघ उमटते. स्क्रेपर पुसा. खळगे दिसतील, त्यांत क्रीम भरा, पुन्हा एक फेरी. मग डोळे केकच्या उंचीला आणा आणि मोबाइलचा टॉर्च बाजूने पाडा; समोरून सपाट वाटणाऱ्या भिंतीतले चढउतार तिरप्या उजेडात लपत नाहीत. वरच्या कडेला क्रीमची झालर उभी राहिली असेल. ती सुरीने बाहेरून मध्याकडे ओढा, दर ओढीला सुरी पुसून. केक पुन्हा गार करून घ्या आणि गरम पाण्यात बुडवून कोरड्या केलेल्या स्क्रेपरने शेवटची एक फेरी द्या.

चौथ्या फेरीचा मोह होईल. हात आवरा. एक डाग राहिलाय तो मला इथूनही दिसतोय, पण प्रत्येक केकला पाठ असते आणि ती भिंतीकडे करता येते.

केक फ्रिजमध्ये ठेवा, आंघोळ करा, जेवा. आणि साडेपाचला आठवणीने बाहेर काढा. थंडगार बटरक्रीम जिभेला मेणासारखं लागतं.