पाणी : सदका की हक्क?

तहानलेल्याला पाणी पाजणे हे पुण्यकर्म आहे, याविषयी कोणाही श्रद्धावंताला शंका नाही. दिवंगत आप्तांच्या नावे विहीर खणून देणे, हातपंप बसवणे हे आपण सदका-ए-जारिया मानतो. प्रश्न त्यापुढचा आहे. ज्याला ते पाणी मिळाले, त्याला ते आपल्या औदार्याने मिळाले, की मुळातच ते त्याचे होते? वाचकहो, सदका देणाऱ्याच्या सवडीने चालतो. हक्काचा मात्र राज्यकर्त्याला जाब द्यावा लागतो.

हा जाब देण्याचे जगाने बराच काळ टाळले. 1981 ते 1990 हे पेयजल व स्वच्छतेचे आंतरराष्ट्रीय दशक म्हणून पाळले गेले. तरीही सहस्रक विकास उद्दिष्टे ठरली तेव्हा त्यांत पाणी आले, शौचालय आले नाही. 2002 च्या जोहान्सबर्ग परिषदेत ते मागाहून जोडावे लागले. 28 जुलै 2010 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने पाणी व स्वच्छता यांना मानवी हक्क म्हटले. ठरावाच्या बाजूने 122 मते पडली, विरोधात एकही नाही आणि 41 राष्ट्रे तटस्थ राहिली. तहानेच्या बाबतीत तटस्थ राहणे म्हणजे काय, ते त्यांचे त्यांनाच ठाऊक! जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या 2022 च्या आकड्यांनुसार सुमारे 220 कोटी लोकांना सुरक्षित व्यवस्थेचे पिण्याचे पाणी मिळत नव्हते. सुरक्षित स्वच्छता-व्यवस्थेपासून वंचित असलेले सुमारे 350 कोटी होते.

असे का व्हावे? लंडनचा इतिहास पाहा. 1832 पासून कॉलऱ्याच्या साथींनी तेथे हजारो माणसे नेली, तरी शहराचा मैला थेम्स नदीत जातच राहिला. 1858 च्या कडक उन्हाळ्यात नदीची दुर्गंधी काठावरच्या संसदेत शिरली, पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून लावावे लागले, आणि काही आठवड्यांतच भुयारी गटारांचा मार्ग मोकळा करणारा कायदा झाला. गरिबांच्या मृत्यूंनी जे झाले नाही, ते सभासदांच्या नाकाने घडवून आणले.

आजही अर्थसंकल्प लिहिणाऱ्याच्या घरी नळ असतो. मैलोन्मैल हंडे वाहणाऱ्या स्त्रीला त्या सभागृहात आवाज नसतो. अतिसाराने जाणारी बालके एका दिवशी, एका ठिकाणी जात नाहीत; म्हणून त्यांची बातमी होत नाही. शिवाय संकोच आहेच. धरणाच्या कोनशिलेवर नाव हवे असते. मैलाटाकीवर कोणाला हवे?

हा संकोच निदान आपल्याला शोभत नाही. फिकहच्या ग्रंथांचा आरंभच तहारतच्या प्रकरणाने होतो. साचलेल्या पाण्यात, रस्त्यावर, लोकांच्या सावलीच्या जागी शौचास बसण्याची मनाई मदरशातील लहान मुलेही शिकतात. पाण्याची विहीर व शौचकूप यांत किती हात अंतर असावे, यावर हनफी फकीहांनी गांभीर्याने चर्चा केली आहे. पाणी व मैला हे एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत, हे त्यांना कोणत्याही परिषदेने सांगावे लागले नाही.

मदीनेतील रूमा विहिरीचा प्रसंग आपण जाणताच. तिचे पाणी विकले जात असे. माननीय उस्मान (र.) यांनी पखाली भरून वाटल्या नाहीत, विहीरच विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली. पाण्यावरची किंमतच उठली. पण एका माणसाच्या थैलीने एक विहीर मोकळी होते, शहराची गटारे बांधली जात नाहीत. तेथे सरकारी तिजोरीच लागते, आणि देखरेखही. बांगलादेशात लोकांना दूषित तळ्यांपासून वाचवण्यासाठी लक्षावधी कूपनलिका खणल्या गेल्या. हेतू निर्मळ होता. परंतु त्या पाण्यात आर्सेनिक आहे का, हे तपासणे कोणाच्याच कामात धरलेले नव्हते. 1993 साली ते आढळले, तोवर असंख्य कुटुंबे वर्षानुवर्षे तेच पाणी पीत होती.

म्हणून हातपंप अवश्य द्या. पण त्याचे पाणी कोण तपासणार, हेही विचारा. आणि मते मागायला कोणी दारी आला, तर नळाच्या आश्वासनावर त्याला सोडू नका. वस्तीतील शौचालयाची टाकी कोण उपसतो, कशाने उपसतो आणि उपसलेला मैला नेऊन कोठे ओततात, हे त्याला विचारा.