न देण्याचा हिशेब

महावग्ग या बौद्ध ग्रंथात अतिसाराने आजारी पडलेल्या भिक्खूची गोष्ट आहे. तो स्वतःच्याच घाणीत पडून होता, जवळ कोणी फिरकत नव्हतं. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं, दोघांनी त्या भिक्खूला धुऊन काढलं आणि उचलून खाटेवर निजवलं. ही गोष्ट आमच्या विहारात सगळ्यांना ठाऊक आहे. तिचा पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही. आजाऱ्याची सेवा करायला लायक कोण, याची पाच लक्षणं तिथे दिली आहेत. पहिलं, औषध तयार करून देता येणं. दुसरं, काय मानवेल आणि काय बाधेल हे कळणं. मैत्री तिसऱ्या जागी येते.

मी एएनएम, म्हणजे उपकेंद्रावरची नर्स. माझी सगळी नोकरी गडचिरोली जिल्ह्यातल्या उपकेंद्रात झाली, आणि हा क्रम मला पूर्ण पटतो. ऑक्सिटोसिनचंच बघा. बाळ जन्मल्यावर मांडीत १० युनिट दिलं की गर्भपिशवी आवळते, रक्तस्राव आटोक्यात राहतो. तेच कळा वाढाव्यात म्हणून आधी टोचलं तर पिशवी फाटू शकते. म्हणून बाळ बाहेर आल्यावरही आम्ही आधी पोट चाचपतो, आत दुसरं बाळ नाही याची खात्री करतो, मगच सुई. कळा चालू असताना गावातली सासू हात धरून म्हणते, "बाई, एक सुई मारून द्या ना, पोरगी किती तळमळून राहिली." तिची माया खरी असते. सुई तरी द्यायची नसते.

त्यामुळे कायद्याने बंधनं घातली याचा मला राग नाही. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. औषध नियमांच्या अनुसूची 'के'मध्ये आम्हा नर्सना आणि अंगणवाडीताईंना सरकारी कार्यक्रमातली औषधं विक्रीच्या परवान्याशिवाय देण्याची सूट आहे. त्या सवलतीवर आमची उपकेंद्रं चालतात.

पण त्या सवलतीने अडचण सुटते ती विक्रीच्या परवान्यापुरतीच. गरोदर बाईला झटके आले की मॅग्नेशियम सल्फेट लागतं. एकेका ग्रॅमच्या दहा अँप्युल फोडायच्या, पाच-पाच ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत खोलवर द्यायचे आणि लगेच मोठ्या दवाखान्यात रवाना करायचं. हा पहिला डोस देण्याची मुभा केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनी एएनएमला दिली. मुभा नसती तरी झटके थांबले नसते, आणि पावसाळ्यात नाल्याला पूर आला की गाडीही आली नसती.

परवानगी नसलेल्याने औषध दिलं तर त्याला जाब विचारतात. दिलं नाही आणि माणूस गेला, तर कोणी विचारत नाही. बुद्धांनी चेतनेलाच, म्हणजे हेतूलाच, कम्म म्हटलं आहे. मग औषध हाताशी आहे, द्यायचं कसं ते येतं, तरी अंगावर यायला नको म्हणून मागे घेतलेला हात हेसुद्धा कम्मच. त्याचा हिशेब कुठल्याच रजिस्टरात नाही.

लपूनछपून देणं मात्र मला मान्य नाही. लपवलेल्या डोसची चिठ्ठी जात नाही, आणि पुढच्या दवाखान्यात तोच डोस पुन्हा दिला जातो. मार्ग आमच्याच जिल्ह्याने दाखवला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांतल्या बायांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. जेंटामायसिन जास्त झालं तर किडनीला आणि कानाला इजा करतं, साधं औषध नव्हे ते. तरी शिकवणी, देखरेख आणि नोंद यांच्या जोरावर त्या बायांनी ते सांभाळलं. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने छापलं. शहाण्या लोकांनी आधी विचारलं असतं, यांना अधिकार काय? अधिकार ज्ञानातून आला, तोही पाच लक्षणांतल्या पहिल्या दोन लक्षणांनी.

२०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात समुदाय आरोग्य सेवकांना मर्यादित परवाना देण्याची तरतूद आली, तेव्हा डॉक्टर संपावर गेले. अर्धवट शिकलेले लोक औषधं देतील ही त्यांची भीती रास्त आहे. तिला उत्तर म्हणून शिक्षण कडक करा, परीक्षा घ्या, आमची रजिस्टरं दर महिन्याला तपासा. आणि नियम लिहिणाऱ्यांना एक विनंती: एखादं औषध नर्सच्या हातून काढून घ्याल, तेव्हा त्याच कागदावर हेही लिहा की रात्री दोन वाजता त्या गावात ते कोण देणार, आणि किती वेळात पोचणार.